परक्याचें रक्त, दात्याचा शब्द



परळच्या हाफकिन संस्थेवरून आपणांपैकीं अनेकजण नित्य जात असतील. ज्यांचें नांव तिला दिलें आहे, त्या डॉ. हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत, याच मुंबईंत, प्लेगची लस प्रथम स्वतःच्या देहांत टोंचून घेतली. रोग दाराशीं येण्यापूर्वींच तटबंदी करावी, हा धडा या शहराला जुना आहे. आज तोच मी सिकलसेल झालेल्या मुलांसंबंधानें सांगणार आहें.

हा विकार आईबापांकडून येतो. रक्तांतील वाटोळ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व अकालीं फुटतात. परिणामीं दारुण वेदना आणि पांडुरोग. विदर्भांत व नंदुरबारकडे तो विशेष आढळतो, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय संस्थेंत त्याचें संशोधन चालतें.

अशा मुलाला केव्हां केव्हां परक्याचें रक्त द्यावें लागतें. त्यानें प्राण वांचतो. पण त्याच वाटेनें ‘ब’ व ‘क’ कावीळ किंवा एच.आय.व्ही. शरीरांत शिरूं शकतात. म्हणून प्रत्येक पिशवीची या तिन्हींसाठीं, तसेंच उपदंश व हिंवताप यांसाठीं, तपासणी कायद्यानें सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानें धंदेवाईक रक्तविक्रीही बंद झाली.

तरी एक फट उरते. दात्याला संसर्ग नुकताच झाला असेल, तर कांहीं दिवस तो तपासणींत सांपडत नाहीं. वारंवार रक्त घेणाऱ्याला ही जोखीम पुनःपुन्हा पत्करावी लागते. तेवढ्या दिवसांची राखण दात्याचा खरेपणाच करूं शकतो. गिरगांवांतील वा दादरच्या शिबिरांत प्रश्नांचा कागद पुढें येतो, तेव्हां मित्रांदेखत लाज वाटते म्हणून खोटें उत्तर लिहूं नका. ‘आज नको’ म्हणून परत फिरणें, हेंही दानच होय.

दुसरी राखण लशीची. ‘क’ कावीळ व एच.आय.व्ही. यांवर लस नाहीं. ‘ब’ काविळीवर आहे, आणि ती शक्य तों पहिल्या रक्ताआधीं पूर्ण व्हावी. शिवाय या विकारांत पांथरी बालपणींच निकामी होते व न्यूमोकोकस जंतूला रान मोकळें मिळतें. बाळांच्या सरकारी लसीकरणांत आज या दोन्ही लशी आहेत. परंतु त्याआधीं जन्मलेल्या रुग्णांच्या त्या राहून गेल्या असतील, आणि न्यूमोकोकसची पुढील मात्राही लागते. पालकांनीं लसीकरणाचें कार्ड घेऊन डॉक्टरांना विचारावें.

लस घरच्यांनीं पाहावी. रक्ताची शुद्धता आपण सांभाळावी. त्या मुलाची व आपली ओळख कधींच होणार नाहीं. तरी त्याचा जीव आपल्या एका खऱ्या उत्तरावर अवलंबून असेल.