‘गेट’चा कर्ता कोण?

(नगरमध्ये इंग्रजी संभाषण वर्गाच्या पहिल्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘इंग्रजी भाषेचे महत्त्व’ हा विषय दिला होता. ते महत्त्व तुम्हाला पटलेलंच आहे, म्हणून तर रविवारची सकाळ सोडून इथं आलात. त्यामुळे मी आज एकाच क्रियापदावर बोलणार आहे. ‘गेट’. शाळेत आपण त्याचा अर्थ ‘मिळणे’ असा पाठ केला आणि तिथंच थांबलो.

आता ऐका. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र आलं. ‘आय गॉट फीवर’, ताप आला. ‘इट गॉट डार्क’, अंधार पडला. ‘वी गॉट टू शिर्डी’, शिर्डीला पोचलो. ‘डिड यू गेट इट?’, कळलं का? ‘दे गेट अलाँग’, त्यांचं पटतं. ‘आय गॉट द सायकल रिपेअर्ड’, सायकल दुरुस्त करून घेतली. यात ‘मिळणे’ किती वेळा आलं? एकदाही नाही. माळीवाडा स्टँडवर एसटीत चढलात तर ‘गेट ऑन’, रिक्षात बसलात तर ‘गेट इन’. उभं राहून आत जाता येतं ते ‘ऑन’, वाकून शिरावं लागतं ते ‘इन’, एवढं धरून चाला. बहुतेक वेळा निभतं.

घाबरू नका. आपल्याकडेही असली क्रियापदं आहेत. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, पैसे लागतात, आणि शेवटी वाट लागते. परदेशी माणसाला ‘लागणे’ शिकवून बघा, मग ‘गेट’ सोपं वाटेल.

गंमत म्हणजे हे क्रियापद मुळात इंग्रजांचंही नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी नॉर्स लोक समुद्रावरून इंग्लंडमध्ये आले. आले लुटायला, राहिले शेती करत. ‘गेट’ त्यांच्याबरोबर आलं. ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांचंच. लंडनमधला कुणी ‘दे गॉट इट’ म्हणतो, त्यात ‘इट’ सोडलं तर बाकी दोन्ही शब्द पाहुण्यांचे.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. याच गावात मलिक अहमदची निजामशाही बसली आणि १६३६पर्यंत टिकली. कारभारातले अर्ज, मंजूर, रद्द, दाखल, हजर, कबूल हे अरबी-फारसी शब्द मराठीनं असे घेतले की आज कुणाला ते परके वाटत नाहीत. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. तरी तहसीलमध्ये आपण अर्जच देतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीतच. त्यामुळे घरात दखनी, शाळेत मराठी आणि आता इंग्रजी, असं तिहेरी ओझं आपल्यावर आहे अशी तक्रार करू नका. ते ओझं नाही, ती जुनी सवय आहे.

या शब्दांशी मराठीनं काय केलं बघा. त्यांच्यामागे ‘करणे’ लावलं, नाहीतर ‘होणे’ लावलं. ‘साहेबांनी अर्ज नामंजूर केला’ आणि ‘अर्ज नामंजूर झाला’. पहिल्यात साहेब दिसतात, दुसऱ्यात दिसत नाहीत. ‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ यांचंही तसंच. आपण तर एवढे विनम्र की ‘मला इतके मार्क पडले’ म्हणतो, जणू झाडावरून पडले. रात्र-रात्र जागून अभ्यास केलेली मुलगीही ‘पडले’च म्हणते. इंग्रजीत ती ‘आय गॉट’ म्हणते आणि वाक्याच्या सुरुवातीला स्वतः उभी राहते. घरी ‘मेरेकू मिल्या’, शाळेत ‘मला मिळालं’. दोन्हीकडे वस्तू चालत आपल्याकडे येते. इंग्रजीत ‘मी’ पुढं होतो, मग वस्तू कष्टानं आलेली असो की फुकट.

पण हेच ‘गेट’ जितकं पुढं करतं तितकं लपवतंही, आणि मला खरं तर याच्यावरच बोलायचं आहे. दहावीच्या एका मुलीनं निबंधात लिहिलं, ‘माय सिस्टर गॉट मॅरिड.’ व्याकरण बिनचूक. मी विचारलं, हे मराठीत सांग. ती थांबली. तिच्यापुढं तीन वाक्यं होती: ताईचा निकाह झाला, ताईनं निकाह केला, ताईचा निकाह लावून दिला. तिनं हळूच तिसरं निवडलं. इंग्रजीत ते सांगायचं तर ‘दे गॉट हर मॅरिड’ लिहावं लागतं. शब्द तेच, मांडणी बदलली आणि माणसं दिसायला लागली. ‘शी गॉट डिव्होर्स्ड’चंही असंच. त्याला तलाक द्यायचा होता, की तिनं खुला घेतला, की १९३९च्या कायद्याखाली कोर्टात जाऊन हुकूमनामा मिळवला? तीन निरनिराळी आयुष्यं, इंग्रजी वाक्य एकच.

इंग्रजीला एकटीला दोष देऊ नका. आपली सरकारी मराठी या कामात चार पावलं पुढं आहे. ‘आपले नाव वगळण्यात आले आहे.’ कोणी वगळलं? ‘कळविण्यात येते की’ — कोण कळवतंय? या ‘ण्यात आले’पुढं ‘गेट’ अगदी भोळं वाटतं.

म्हणून या वर्गातली एक पद्धत आजच ठरवू. मतदार यादीतून नाव गेलं तर ‘माय नेम गॉट डिलीटेड’ एवढं लिहून थांबायचं नाही. नाव वगळण्यासाठी फॉर्म ७ असतो. तो कोणी भरला होता का, कोणत्या तारखेला, निर्णय कोणत्या अधिकाऱ्यानं दिला, हे विचारायचं. नाव परत घालायला फॉर्म ६ आहेच, तोही त्याच दिवशी भरून टाका. उत्तर मिळालं नाही तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्ज मराठीत करा, इंग्रजीत करा, पण प्रत्येक क्रियापदाला कर्ता मागा.

आता वह्या काढा. ‘गेट’ची पाच वाक्यं लिहायची, आणि प्रत्येकाखाली मराठीत किंवा दखनीत ते कोणी केलं ते लिहायचं. पहिलं वाक्य मी देते: ‘अवर रेशन कार्ड गॉट कॅन्सल्ड.’