क्लायमेट चेंज, नेटवर्क इश्यू आणि आमची कांद्याची बराख

 

आजचा भाग पुण्यातल्या रूमवरून नाही, राजुरीतून, आमच्या घराच्या माळ्यावर बसून रेकॉर्ड करतोय. मधेच कोंबडा आरवला किंवा कुणाची मोटर सुरू झाली तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा पूर्ण मजकूर.

राजुरी म्हणजे जुन्नर तालुक्यातलं, आळेफाट्याच्या पुढचं गाव. कांदा, ऊस, टोमॅटो आणि दूध यावर चालणारं. मी इथलाच. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज विषय आहे क्लायमेट चेंज. नाही नाही, बंद करू नका! मी तुम्हाला झाडं लावा म्हणणार नाहीये. मला एक कबुली द्यायची आहे. पण तिच्याकडे जरा फिरून येऊ.

आमच्या ऑफिसात एक ठरलेली गंमत आहे. सर्व्हर बंद पडला, क्लायंटचा फोन आला, की सगळ्यात पहिलं उत्तर काय? "नेटवर्क इश्यू आहे सर." हे उत्तर फार सोयीचं असतं, कारण नेटवर्क कुणाच्याच बापाचं नसतं. कुणाची चूक नाही, कुणाला मेल जाणार नाही. आणि खरी अडचण ही, की कधीकधी नेटवर्क इश्यू खरंच असतो. म्हणून तर ते उत्तर खपतं.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे क्लायमेट चेंजचं अगदी हेच झालंय.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडणं होतील. तापमान वाढतंय आणि ते माणसामुळे वाढतंय, यावर माझा संशय नाही. आपल्या पुण्यातच पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली भारतापुरता एक मोठा अहवाल निघाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढलं, असं त्यात आहे. आणखी एक, मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढला. म्हणजे एकूण पाऊस वाढला असं नाही. तो कोसळायला लागला.

तर माझा संशय विज्ञानावर नाही. ते विज्ञान आपल्यापर्यंत येताना मधे जे हात लागतात, त्यांच्यावर आहे.

एक जुनं उदाहरण घ्या. २००७ साली आयपीसीसीच्या अहवालात एक वाक्य छापून आलं, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. जगभर हेडलाइन झाली. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा निबंध प्रसिद्ध केला, त्यात या घाईला पुरावा नाही असं होतं. तेव्हा आयपीसीसीच्या प्रमुखांनी त्याची जाहीर टर उडवली. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला ते वाक्य चुकलं म्हणून खेद व्यक्त करावा लागला. आणि ते आलं कुठून होतं? १९९९ च्या एका मासिकातल्या मुलाखतीतून एका संस्थेच्या अहवालात, आणि तिथून थेट आयपीसीसीत. आपल्या भाषेत सांगायचं तर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'!

आता याच्या उलट बाजूची मंडळी काय म्हणाली? "बघा, सगळंच खोटं होतं." तेही चूकच. हिमनद्या वितळतायत. फक्त २०३५ चा आकडा चुकला होता. एकाने भीती विकली, दुसऱ्याने निश्चिंती विकली. मधल्यामधे खरी गोष्ट कुणी वाचलीच नाही.

राजकारणाचंही तसंच. २००९ ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी शब्द दिला, की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातही बराच भाग कर्जाचा. सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपण साधारण २ टन. त्यामुळे परदेशी पाहुणा आपल्याला कोळशावर भाषण द्यायला लागला की माझंही डोकं फिरतं. पण हेच वाक्य आपले पुढारी वापरतात तेव्हा मी सावध होतो. कारण 'चूक अमेरिकेची' म्हटलं, की आपल्या तालुक्यात कुणालाच काही विचारायचं राहत नाही.

आणि तालुक्याचं म्हणाल, तर आपल्याकडे मळीण झालंय.

३० जुलै २०१४. मी तेव्हा शाळेत होतो. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगर खाली आला आणि आख्खं गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं कसं? एसटी नेहमीप्रमाणे गेली आणि ड्रायव्हरला गावच दिसेना. आमच्याकडून मदतीला माणसं गेली होती. परत आल्यावर कितीतरी दिवस ती नीट बोलत नव्हती.

मग टीव्हीवर चर्चा सुरू झाल्या. कुणी म्हणालं ढगफुटी. कुणी म्हणालं निसर्गाचा कोप. कुणी जंगलतोडीचं बोललं, कुणी धरणाचं. आणि पडकईचं. पडकई म्हणजे डोंगरउतारावर भाताची खाचरं पाडायची आदिवासींची जुनी पद्धत, सगळ्या वाडीने मिळून हाताने करायची. पुढे त्याची सरकारी योजना झाली आणि उतारावर यंत्रं आली. यातलं कोणतं कारण किती, यावर जाणकारांतही वाद झाले. ते मी इथे माळ्यावर बसून मिटवणार नाही.

पण एक बघा. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ च्या ऑगस्टमध्येच सरकारकडे गेला होता. लोकांना तो वाचायला मिळायला पुढे जवळपास नऊ महिने गेले, तेही माहितीच्या अधिकाराची आणि कोर्टाची पायरी चढल्यावर. त्यानंतर मळीण झालं. २०२१ ला तळिये. २०२३ ला इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं. मळीणच्या लोकांसाठी नवं गाव बांधलं, एप्रिल २०१७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव वाहिले. आता सांगा, यात क्लायमेट चेंज किती आणि कंत्राट किती?

पाऊस कोसळायला लागलाय हे खरंच. म्हणजे सिस्टिमवर लोड वाढलाय. पण लोड वाढल्यावर जो कोड पडतो, तो कुणीतरी लिहिलेला असतो.

आता कबुली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळी कांदा काढून आम्ही बराखीत भरला होता. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, बराख म्हणजे कांदा साठवायची हवेशीर, लांबट चाळ. दीडशे पिशव्यांच्या आसपास माल. भाव नव्हता म्हणून थांबलो होतो. वैशाखातच वळवाचा पाऊस आला, तासभर असा झोडपला की समोरचं दिसेना. सकाळी बघतो तर बराखीत पोटरीएवढं पाणी. निम्मा कांदा पुढच्या पंधरा दिवसांत सडला. तो वास ज्याला माहितीये त्याला माहितीये.

मी काय केलं? फोटो काढला, स्टेटस टाकलं: 'क्लायमेट चेंजचे खरे बळी'. त्या फोटोवरून एका लोकल यूट्यूब चॅनेलचा पोरगा आला. मी त्याला चार मिनिटं मुलाखत दिली. ग्लोबल वॉर्मिंग, एल निनो, सगळं बोललो. बीटेक ना! एक पुढारी भेट द्यायला आले. चिखलात उभं राहून फोटो काढला आणि आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "निसर्गापुढं कुणाचं चालतंय?" आण्णांनी मान डोलावली. मीपण डोलावली. व्हिडिओ चांगला चालला.

पाहुणे गेल्यावर आजी ओट्यावर बसून म्हणाली, "वरच्या आळीच्या बराखीत नाय शिरलं पाणी."

मी म्हटलं, "आजी, त्यांचं नशीब."

"नशीब न्हाय. त्यांनी व्हळ न्हाय बुजिवला."

मी गप्प.

आमच्या वावराच्या कडेने एक ओहोळ जायचा. वर्षातले दहा महिने कोरडा. मला नोकरी लागली त्या वर्षी, पहिल्या बोनसमधून मी हौसेने जेसीबी सांगितला, ओहोळ बुजवला, रान सपाट केलं. तीन गुंठे जागा वाढली. त्याच सपाट केलेल्या जागेच्या कडेला पुढच्या वर्षी बराख बांधली. आजी तेव्हाही म्हणाली होती, "पाण्याची वाट बुजवू नये." आम्ही हसलो होतो. ओहोळात पाणी असतंच कुठं?

पाऊस दोन्ही बराखींवर एकच पडला. तोच दिवस, तोच तास, मधे पन्नास पावलांचं अंतर. त्यांचा कांदा कोरडा, आमचा भिजला. याच्याहून स्वच्छ टेस्ट केस मला नोकरीतही कधी मिळालेली नाही. आमच्याकडे पाणी वरून आलंच नव्हतं, खालून आलं होतं. नेटवर्क इश्यू नव्हता मंडळी. बग माझ्याच कोडमध्ये होता, आणि त्याचे पैसे मीच भरले होते.

तो व्हिडिओ अजून यूट्यूबवर आहे. मी तो कधी दुरुस्त करायला सांगितला नाही. लाज वाटली. दोन वर्षं मी इतर लोकांच्या खोट्या बातम्या पकडत या पॉडकास्टवर बोलतोय, आणि एक खोटी बातमी मी स्वतः होतो.

म्हणून म्हणतो, संशय घ्यायचा तर तो सगळीकडे घ्यावा लागतो. 'ग्लोबल वॉर्मिंग हा गोऱ्यांचा डाव आहे' असा फॉरवर्ड आला तरी घ्या, 'अमुक साली सगळं बुडणार' असं आलं तरी घ्या. आणि आपल्याला सोयीचं उत्तर मिळालं, की जरा जास्तच घ्या.

संशय कसा घ्यावा याचा नमुनाही जवळच आहे. बोरी गाव माहितीये ना? तिथे कुकडी नदीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. ती राख किती जुनी? सुरुवातीला एका तपासणीत १४ लाख वर्षं आली. मग दुसऱ्यांनी साडेसहा लाखांच्या पुढचा आकडा काढला. मग राखेचं रसायन तपासून बऱ्याच जणांनी सांगितलं, की ही सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीची. त्यावरही पुन्हा आक्षेप आले. कितीतरी वर्षं हा वाद चाललाय. पण प्रत्येकाने आपलं मोजमाप टेबलावर ठेवलं, दुसऱ्याने ते तपासलं. कुणी म्हणालं नाही की 'निसर्गापुढं कुणाचं चालतंय'.

पुढच्या वेळी गावात पाणी शिरलं, रस्ता खचला, दरड आली आणि कुणी माइकसमोर क्लायमेट चेंज म्हणालं, तर नाही म्हणू नका. फक्त विचारा: लोड किती वाढला होता? आणि कोड कुणी लिहिला होता? पाऊस किती पडला हे मंडळनिहाय मोजलं जातं, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. तो आकडा बघा. मग शेजारचं गाव बघा. तिथे तेवढाच पाऊस पडून काही झालं नसेल, तर उत्तर आभाळात नाही, जमिनीवर आहे.

आमचं पुढे काय? ओहोळ परत मोकळा करायचा म्हणजे तीन गुंठे जाणार आणि बराख हलवावी लागणार. आण्णा अजून तयार नाहीत. "एवढा खर्च करून जमीन घालवायची का?" म्हणतात. चुकीचं बोलत नाहीत, कांद्याने आधीच कंबर मोडलीये. मी जेसीबीवाल्याला फोन करून ठेवलाय. पैसे याही वेळी मीच देणार. आज रात्री जेवताना पुन्हा विषय काढतो. आजी माझ्या बाजूने आहे, म्हणजे निम्मं काम झालं.

आणि हो, त्या चॅनेलच्या पोरालाही मेसेज केलाय, की दादा, एक दुरुस्ती आहे. दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून नाही.

तुमच्या गावात असा बुजवलेला ओहोळ, ओढा, नाला असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. कुणी बुजवला ते सांगायची सक्ती नाही. पण सांगितलंत तर मीही सांगितलंय, एवढं लक्षात ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. राम राम!