माता-बालकांचे आरोग्य आणि वर्णभेद
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



अपत्यजन्म हा घराघरातील मंगल प्रसंग होय. मात्र त्याच घटकेस माता व बालक यांच्या प्राणांना मोठा धोका असतो. अशा वेळी तरी रुग्णाच्या कातडीचा रंग कोणी पाहू नये, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. अमेरिकेसारख्या संपन्न देशातील आकडे मात्र निराळीच कहाणी सांगतात.

तेथे २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ श्वेतवर्णीय माता दगावल्या. कृष्णवर्णीय मातांमध्ये हेच प्रमाण ५०.३ होते. अर्भकमृत्यूचे प्रमाण २०२२ मध्ये श्वेतवर्णीयांत हजारी ४.५, तर कृष्णवर्णीयांत १०.९ होते.

दारिद्र्य आणि शिक्षणाचा अभाव हीच याची कारणे असावीत, असे प्रथमदर्शनी वाटते. त्यांचा वाटा आहेच. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. २००७ ते २०१६ या काळातील नोंदींनुसार पदवीधर कृष्णवर्णीय मातांचे मृत्युप्रमाण पदवीधर श्वेतवर्णीय मातांच्या पाचपट होते. विख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०१७ मध्ये कन्यारत्न झाले. आपल्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असावी, हे पूर्वानुभवावरून ओळखून त्यांनी स्वतःच तपासणीची मागणी केली. औषधाच्या अमलाने त्या गोंधळल्या असाव्यात, असे परिचारिकेस वाटले. अखेर तपासणी झाली, तेव्हा गुठळ्या आढळल्या. कीर्ती आणि संपत्ती असलेल्या मातेलाही आग्रह धरावा लागला; मग सामान्य मातेचे कोण ऐकणार?

या अविश्वासाची मुळे खोल आहेत. एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या दशकात, अलाबामा राज्यात डॉ. मॅरियन सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही त्यांतील तिघींची नावे इतिहासाने जपली आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलविण्यात आला. परंतु समजुती पुतळ्यांइतक्या सहज हलत नाहीत. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात झालेल्या अभ्यासात सुमारे निम्म्या श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांनी व शिकाऊ डॉक्टरांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीची किमान एक तरी खोटी समजूत खरी मानली होती. त्यांची कातडी अधिक जाड असते, ही त्यांपैकीच एक. बालकेही यातून सुटलेली नाहीत. अपेंडिक्सच्या तीव्र वेदनेने तळमळणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना प्रभावी वेदनाशामके श्वेतवर्णीय मुलांपेक्षा कमी वेळा दिली जातात, असे २०१५ च्या एका अभ्यासात दिसून आले.

मग यावर उपाय कोणता? केवळ सद्भावनेचा उपदेश पुरेसा नाही. मोजमापाची शिस्त हवी. कॅलिफोर्निया राज्यात २००६ पासून रुग्णालयांनी एकत्र येऊन प्रसूतीसाठी समान कार्यपद्धती आखल्या. रक्तस्राव नजरेने अंदाजण्याऐवजी भिजलेली कापडे तराजूवर तोलावीत, ठराविक मर्यादा ओलांडताच ठरलेले उपचार सुरू करावेत आणि त्यासाठी लागणारे साहित्य हाताशी सज्ज ठेवावे, असे नियम झाले. २०१३ पर्यंत तेथील मातामृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढे अतिरक्तस्राव झालेल्या मातांतील गंभीर गुंतागुंतींबाबत कृष्ण व श्वेतवर्णीयांमधील अंतरही घटल्याचे आढळले. ते पूर्णपणे मिटलेले नाही, हेही खरे. तथापि नजरेला पूर्वग्रह असतो, तराजूला नसतो, हे यातून सिद्ध झाले.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक कोणीही येवो, गज एकच असतो. रुग्णसेवेतही हाच न्याय हवा. आपल्या देशात रंगाऐवजी जात, भाषा, वस्ती आणि पेहराव पाहून वागणूक बदलण्याचा धोका आहे. म्हणूनच दवाखाने व प्रसूतिगृहे चालविणाऱ्या किंवा त्यांना साहाय्य करणाऱ्या संस्थांनी वर्षाअखेर केवळ एकूण रुग्णसंख्येवर समाधान मानू नये. नुसती बेरीज पाहून हिशेब तपासला जात नाही. त्यासाठी प्रत्येक खाते उघडावे लागते. कोणत्या वस्तीतील मातेला अधिक काळ ताटकळावे लागले, कोणाची तक्रार ऐकलीच गेली नाही, कोणाचे बाळ दगावले, याची स्वतंत्र नोंद व्हावी. दानाची रक्कम जितक्या काटेकोरपणे लिहिली जाते, तितक्याच काटेकोरपणे ही नोंद ठेवली गेली, तर ती मातांचे आणि बालकांचे प्राण वाचवील.