लंगडं राहून पैसे जास्त भेटत नाहीत
(व्याख्यानमालेत मस्तगड, जालना येथे दिलेले व्याख्यान)



अपघाताच्या दाव्यांचं काम करणाऱ्या वकिलाकडे माणूस येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पायात रॉड असतो, हाताशी वॉकर असतो, बरोबर मेव्हणा किंवा चुलतभाऊ असतो, आणि विचारणारा बहुधा तो मेव्हणाच असतो. "वकीलसाहेब, किती भेटतील?" या प्रश्नाचं मला नवल वाटत नाही. घरातला कमावता माणूस अंथरुणावर पडला की घराला हाच प्रश्न पडणार. मला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रश्नाची. तो निघताना, दाराशी आणि हळू आवाजात येतो. "व्यायाम केला, पाय सुधारला, तर पैसे कमी होतील का?"

आजचं व्याख्यान या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. जास्त पैशांच्या आशेने व्यायाम टाळून कायमचे आखडलेले गुडघे मी पाहिलेत.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. २०२४ चा पावसाळा आठवा. २८ जूनच्या रात्री समृद्धी महामार्गावर कडवंचीजवळ दोन मोटारी धडकल्या, सात जण गेले. पुढे तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १८ जुलैला पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळीपिवळी राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ विहिरीत पडली. तिथेही सात गेले. सप्टेंबरात अंबडच्या रस्त्यावर एसटी आणि मालट्रक समोरासमोर आले. बातमीत मेलेल्यांचा आकडा मोठ्या अक्षरात येतो आणि त्याखाली एक ओळ असते, "इतर जखमी, उपचार सुरू". त्या एका ओळीतल्या माणसांचं पुढे वर्ष-दोन वर्षं काय होतं, हे कुणी छापत नाही. पुढारी येतात, मदतीचा धनादेश देतात, फोटो होतो. ती मदत असते, तिला भरपाई समजू नका. भरपाई हा तुमचा हक्क आहे आणि तो मागावा लागतो.

आता "किती" या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर कळलं की दाराशी विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर आपोआप मिळतं.

जखमी माणसाची भरपाई कशी मोजायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात फार स्पष्ट सांगितलं आहे. न्यायालय म्हणतं, शरीर किती टक्के गेलं एवढंच बघू नका, कमाई किती टक्के गेली ते बघा. त्यांनी उदाहरणही दिलंय. एखाद्याचा डावा हात तुटला. डॉक्टरच्या हिशेबाने ते साठ टक्क्यांच्या आसपास अपंगत्व. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित तशीच राहील. हात एकच, अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडाही एकच, आणि भरपाईत मात्र जमीनअस्मानाचं अंतर.

आपल्याकडचा हिशेब करून बघू. समजा एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात काम करणारा बत्तीस वर्षांचा कामगार आहे, महिना पंधरा हजार. वर्षाचे १,८०,०००. त्याचं वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलं, आणि जखमींनाही ते लागू आहे. झाले २,५२,०००. आता भट्टीसमोर आठ तास उभं राहायची त्याची ताकद गेली, म्हणून कमाई चाळीस टक्क्यांनी घटली असं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने धरलं, तर वर्षाचं नुकसान १,००,८००. वर्षाच्या नुकसानाला वयानुसार ज्या आकड्याने गुणायचं तो गुणक, बत्तीस वयाला १६. ही गुणकांची कोष्टकं २००९ च्या सरला वर्मा निकालातली. गुणाकार येतो १६,१२,८००. दवाखान्याचा खर्च, औषधं, घरी पडून राहिल्या महिन्यांचा पगार, वेदनेची भरपाई, सेवेला ठेवलेल्या माणसाचा खर्च हे सगळं त्याच्या वर. सेवेला बायकोच असली, तरी तिच्या कष्टाचं मोल धरलं जातं. ती फुकट करते म्हणून विमा कंपनीची सुटका होत नाही.

या सगळ्या हिशेबात "गुडघा किती वाकतो" याला स्वतंत्र किंमत कुठे आहे? किंमत आहे ती तुमच्या कामाची. त्यामुळे ज्याला वाटतं की व्यायाम टाळून दाखल्यावरचे पाच टक्के वाढवू, तो आपलं अंग विकतोय, आणि तेही मातीमोल भावात. शिवाय उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील डॉक्टरला विचारतोच, "फिजिओथेरपीचा सल्ला दिला होता का? रुग्ण आला का?" डॉक्टर "नाही" म्हणाला की आळस तुमच्या खाती जमा. उलट महिनोन्महिने नेमाने व्यायाम केल्याच्या नोंदी आहेत आणि तरीही माणूस मांडी घालू शकत नाही, हा पुरावा कुणाला मोडता येत नाही.

मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं डॉक्टरांच्या साक्षी नोंदवताना काही गोष्टी कानावर पडून पक्क्या झाल्यात. सांध्याजवळचं हाड मोडलं की सांधा आखडायला फार दिवस लागत नाहीत, आणि आखडलेला सांधा पुन्हा मोकळा करायला महिने जातात. तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, हे प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञ सांगतो. रॉड टाकलेला रुग्ण मात्र खाटेवर बसून पुडी फोडत असतो. पाय कधी टेकवायचा हे डॉक्टरने सांगायचं, शेजाऱ्याने नाही. आणि डोक्याला मार लागलेल्याकडे घरच्यांनी नीट लक्ष द्यावं. सीटी स्कॅन "नॉर्मल" आला, टाके निघाले, माणूस घरी आला. मग दोन महिन्यांनी बायको सांगते, "हे पहिल्यासारखे राहिले नाहीत." हिशेब चुकतो, झोप लागत नाही, उगाच चिडतात, ट्रकचा हॉर्न वाजला की दचकतात. हाही अपघाताचाच भाग आहे, याला उपचार आहेत, आणि कागदावर नोंद झाली तर याची भरपाईही आहे. पण "डोक्यावर परिणाम झाला म्हणतील" या लाजेने ही गोष्ट घरातून बाहेर जातच नाही. लोक काय म्हणतील याचा विचार नंतर करा, आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा.

कागदाचं बोलायचं तर सगळ्यात जास्त दावे एका वाक्याने बुडतात, आणि ते वाक्य कोर्टात बोललेलं नसतं. रात्री जखमीला दवाखान्यात आणतात. डॉक्टर विचारतो, कसं लागलं? पोलिसांचं लचांड नको म्हणून नातेवाईक सांगतो, "गाडी स्लिप झाली." डॉक्टर तेच केसपेपरवर लिहितो. तीन दिवसांनी घरच्यांना समोरच्या जीपचा नंबर आठवतो. पण त्या जीपच्या विमा कंपनीला दावा नाकारायला आता तो केसपेपर पुरेसा आहे. म्हणून पहिल्या रात्री जे घडलं तेच सांगा. एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यातली नोंद, होऊ द्या, गुन्हा नोंदवा, घटनास्थळाचा पंचनामा होऊ द्या. आणि खरी गाडी पळून गेली म्हणून ओळखीच्या माणसाची गाडी पुढे उभी करण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याला घराबाहेर काढा. तो फसवणुकीचा गुन्हा आहे.

पळून गेलेल्या गाडीसाठीही कायद्यात सोय आहे. अज्ञात वाहनाने गंभीर जखमी केलं तर ५० हजार आणि मृत्यू झाला तर २ लाख. १ एप्रिल २०२२ पासूनचे हे दर. अर्ज कोर्टात करायचा नाही, तो तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यायचा. रक्कम तुटपुंजी आहे, हे मी कबूल करतो. पण तीसुद्धा मागायला लोक जात नाहीत. तसंच, २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला ठरवून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार. दवाखाना आपण होऊन सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

मुदतीचं ध्यानात ठेवा. १९९४ मध्ये दाव्याची मुदतच काढून टाकली होती, म्हणून जुनी माणसं अजून सांगतात, "घाई कशाला, केव्हाही लावता येतं." ते आता चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत परत आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण दुसऱ्याच्या याचिकेच्या भरवशावर आपण घरी बसू नये. आणखी एक, व्याज साधारणपणे दावा दाखल केल्यापासून मिळतं. उशीर केला तर तेवढं व्याज गेलं. अपघात ठाण्यात झालेला असो की नागपूरला, तुम्ही जालन्यात राहत असाल तर दावा जालन्यात लावता येतो. तिकडच्या खेपा घालायची गरज नाही. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी दावा आपोआप पडत नाही, कारण दाव्यात पुराव्याची कसोटी तेवढी कडक नसते.

आता एक गोष्ट माझ्या धंद्यातल्या मंडळींना आवडणार नाही. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून दावा घेणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. फी ठरवा, पावती घ्या. ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. लोकअदालत चांगली आहे, वेळ वाचतो. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. दुसरं ऑपरेशन बाकी असेल, रॉड काढायचा असेल, तर तो खर्च रकमेत धरलाय का हे बघूनच सही करा. रस्त्यावर पाचशेच्या स्टॅम्पवर "आमचं मिटलं" असं लिहून देणाऱ्यांना तर मी हात जोडतो. पोटात रक्तस्राव होतोय हे त्या वेळी त्या माणसालाही ठाऊक नसतं.

शेवटी मराठवाड्याच्या खास दुखण्याकडे येतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून वऱ्हाड जातं, टेम्पोत उभं राहून जत्रेला जातात, ऊसतोडीच्या टोळ्या बायकापोरांसह ट्रॉलीवर बसतात. मालवाहू गाडीत असा फुकट बसलेला प्रवासी विम्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच आशा रानी निकालात हे स्पष्ट केलं. गाडीवरचा हमाल, मालाबरोबर निघालेला मालाचा मालक यांची गोष्ट वेगळी. बाकी वऱ्हाडाची भरपाई गाडीच्या मालकावर येते, म्हणजे बहुधा नवरदेवाच्याच चुलत्याच्या शेतीवर. लग्नाच्या गडबडीत हे कुणाच्या डोक्यात नसतं. खाजगी मोटारीचंही तसंच. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर तुमच्या चुकीने तुमच्याच गाडीतले पाहुणे जखमी झाले तर विमा कंपनी हात वर करते. त्यासाठी लोक ज्याला "फुल इन्शुरन्स" म्हणतात ती पॅकेज पॉलिसी लागते. आणि गाडी चालवणाऱ्या मालकाचा स्वतःचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, त्याचा कागद दाव्याच्या वेळी सापडत नाही, ही तर घरोघरची तक्रार.

तेव्हा आज घरी गेल्यावर जेवायच्या आधी आपल्या गाडीची, ट्रॅक्टरची, पोराच्या मोटारसायकलची पॉलिसी काढा. तिची शेवटची तारीख बघा, ती फक्त थर्ड पार्टी आहे की पॅकेज ते बघा, आणि तिचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा. ज्यांच्या घरात आत्ता कुणी प्लास्टरमध्ये पडलेलं आहे, त्यांनी उद्या सकाळी डॉक्टरला विचारून त्याला फिजिओथेरपीला न्यावं आणि तिथली चिठ्ठी जपून ठेवावी.