जमातीचे राज्य आणि सेवकाचा हक्क

अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या अनेक जमाती आपापल्या प्रदेशात स्वतःचा कारभार चालवितात. त्यांच्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत, कॅसिनोंत अनेक माणसे चाकरी करतात. अशा एखाद्या कारकुनाकडे अमली पदार्थांच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना मागितला, तर नकार देण्याचा हक्क त्याला आहे काय?

राज्यघटनेतील नागरी हक्कांची कलमे जमातींच्या सरकारांना बांधीत नाहीत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली चेरोकी जमातीच्या एका खटल्यात घेतली. ती उणीव १९६८ च्या कायद्याने बरीचशी भरून काढली. अवाजवी झडती घेण्यास जमातींनाही मनाई झाली. लघवीची सक्तीची तपासणी ही झडतीच होय, हे १९८९ मध्ये रेल्वे कामगारांच्या खटल्यात मान्य झाले. मात्र सुरक्षिततेसाठी ती वाजवी ठरली. उलट, जॉर्जिया राज्याने निवडणुकीच्या उमेदवारांवर लादलेली तपासणी १९९७ मध्ये रद्द झाली, कारण तसा खराखुरा धोका दाखविता आला नाही. तात्पर्य, रुग्णवाहिका हाकणारा आणि खतावणी लिहिणारा यांना एकच माप लावणे न्याय्य नव्हे.

पण दाद कोठे मागावयाची? १९७८ च्या सांता क्लारा प्वेब्लो खटल्यापासून, बंदिवासाचा प्रश्न वगळता, या कायद्याखाली संघराज्याच्या न्यायालयाचे दार बंद आहे. कारकुनाला जमातीच्याच न्यायासनापुढे उभे राहावे लागते. धनी जमातच, न्यायासनही तिचेच! परक्याने न्याय लादणे स्वराज्याला कमीपणा आणणारे खरे. परंतु आपल्याच दारी आलेल्या सेवकाला न्याय न मिळणे, हा त्याहून मोठा कमीपणा होय.