कोरिएन्तेस रस्त्यावरची रात्र

ब्यूनस आयर्समध्ये संध्याकाळी सात वाजता जेवायला निघालेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी रिकामी टेबले दिसतात. अर्जेंटिनाच्या या राजधानीत लोक रात्री नऊच्या पुढे जेवतात, बऱ्याचदा दहाला. नाटक सुटल्यावर जेवण, जेवणानंतर कॉफी आणि कॉफीवर तासभर गप्पा. विशीतली मुले आधी कोणाच्या तरी घरी जमतात. ती डान्स क्लबच्या दारात पोचेपर्यंत दोन वाजलेले असतात.

श्रोतेहो, ‘नाइटलाइफ’ म्हटले की आपल्याकडे दारू, झगमगाट आणि तरुणांचा गोंगाट एवढेच डोळ्यांपुढे येते. ब्यूनस आयर्समध्ये शनिवारी मध्यरात्री पिझ्झाच्या दुकानात आजोबा आणि नातवंडे शेजारी शेजारी खाताना दिसतात. रात्रीवर सगळ्या वयांच्या आणि सगळ्या थरांच्या माणसांचा हक्क आहे, अशी तिथली जुनी समजूत आहे. हा हक्क राखताना त्या शहराने काय सोसले, ते सांगण्याजोगे आहे.

या रात्रीचा कणा म्हणजे कोरिएन्तेस हा रस्ता. मूळचा अरुंद, 1930च्या दशकात एका बाजूची घरे पाडून तो रुंद केला आणि 1936 साली त्याच्यावर 67 मीटरहून उंच ओबेलिस्क स्तंभ उभा राहिला. त्याचा वास्तुकार आल्बेर्तो प्रेबिश. त्यानेच पुढच्या वर्षी याच रस्त्यावर ग्रान रेक्स हे तीन हजारांहून अधिक आसनांचे भव्य चित्रपटगृह बांधले. आज तिथे मुख्यतः संगीताचे कार्यक्रम होतात. जवळच शहराच्या मालकीचे सान मार्तिन नाट्यगृह, आणि मधल्या जागेत रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी पुस्तकांची दुकाने. नाटकाहून परतताना जुने पुस्तक चाळत उभे राहणे हा इथल्या करमणुकीचाच एक भाग आहे.

आणि गेरिन. 1932 पासून चाललेले हे पिझ्झाचे दुकान. आत टेबले आहेत, पण जाणकार माणूस काउंटरपाशी उभा राहतो. जाड पावाचा, चीज ओघळणारा तुकडा येतो आणि त्याच्यावर फाइना ठेवतात. फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे, भट्टीत भाजलेले जाडसर धिरडेच म्हणा ना. सोबत गोडसर मोस्कातो वाइनचा ग्लास. जेनोआकडून आलेल्या इटालियन मजुरांनी हे पिठाचे खाणे आपल्याबरोबर आणले. पाच-दहा मिनिटांत पोट भरून माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. कामगार आणि कोट घातलेला वकील एकाच काउंटरवर कोपर टेकवतात, हे मला फार मोलाचे वाटते.

ओबेलिस्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर कोलोन हे ऑपेरागृह आहे. ते बांधायला वीसेक वर्षे लागली, तेवढ्यात पहिले दोन्ही वास्तुकार निवर्तले आणि 25 मे 1908 रोजी ‘आइदा’ने त्याचे उद्घाटन झाले. खाली मखमल आणि सोनेरी नक्षी असली, तरी सर्वांत वरच्या मजल्यावर स्वस्त तिकिटात उभे राहून ऐकायची सोय आहे. त्या मजल्याला ‘स्वर्ग’ म्हणतात, आणि कडक टीकाकार तिथेच भेटतात.

पण या शहराची खरी रात्र मिलोंगात उमगते. मिलोंगा म्हणजे टँगो नाचण्याचे सामाजिक जलसे. पर्यटकांसाठी भोजनासह रंगमंचावर दाखवतात त्या टँगोशी याचा फारसा संबंध नाही. एखाद्या वस्तीतल्या क्लबात, बास्केटबॉलच्या फरशीवरसुद्धा हा जलसा भरतो. कडेने टेबले, मधे मोकळी जागा. लोक पिशवीतून नाचाचे जोडे काढून घालतात. कोणी कोणाच्या टेबलाशी जाऊन हात पुढे करत नाही. दुरून नजर भिडते, मान किंचित हलते, समोरूनही मान हलली तरच पुरुष उठतो. नको असेल तर नजर वळवायची, कोणाचा चारचौघांत अपमान होत नाही. तीन-चार गाण्यांचा एक संच, तेवढा वेळ तीच जोडी. मग टँगोशी संबंध नसलेल्या संगीताचा छोटा तुकडा वाजतो आणि सगळे जागेवर परततात. जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि पुढच्याला धक्का लावणे हा उणेपणा समजतात. सत्तरीतल्या बाईला पंचविशीतला मुलगा मान झुकवून नाचायला बोलावतो, त्यात कोणाला नवल वाटत नाही. परक्यांना एकमेकांजवळ निर्भयपणे येऊ देणारी इतकी नेमकी शिस्त दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ही शिस्त घडली 1930च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या वीस वर्षांत, जेव्हा हुआन दारिएन्सो, कार्लोस दी सार्ली, आनिबाल त्रोइलो आणि ओस्वाल्दो पुलिएसे यांचे वाद्यवृंद शहर नाचवत होते. पुलिएसे कम्युनिस्ट होता आणि त्याला तुरुंगाच्या वाऱ्या घडल्या. तो आत असला की त्याचे वादक त्याच्याशिवाय कार्यक्रम करत आणि रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशनचे फूल ठेवत. लोकशाही परतल्यावर, 26 डिसेंबर 1985 रोजी, हाच पुलिएसे कोलोनच्या रंगमंचावर वाजवायला बसला. 2009 साली युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांचा वारसा म्हणून टँगोची नोंद केली.

लोकशाही परतण्याआधीची काही वर्षे अंधाराची होती. 1976 साली लष्कराने सत्ता घेतली. माणसे नाहीशी केली जात होती, लेखक-नटांच्या काळ्या याद्या फिरत होत्या आणि सरकारी नाट्यशिक्षणातून समकालीन अर्जेंटिनी नाटक हा विषयच वगळला गेला. त्यावर 1981 मध्ये ओस्वाल्दो द्रागुन आणि त्याच्या सहकारी नाटककारांनी ‘तेआत्रो अबिएर्तो’, म्हणजे खुले नाट्यगृह, उभे केले. 21 नाटककारांची 21 छोटी नाटके, रोज तीन, आठवडाभराचे चक्र आणि तिकीट मुद्दाम स्वस्त. 28 जुलैला पिकादेरो नाट्यगृहात पडदा उघडला. गर्दी लोटली. 6 ऑगस्टच्या पहाटे त्या नाट्यगृहात आगीचे बॉम्ब फुटले आणि ते जळून गेले.

पुढे जे झाले त्यात या शहराचा स्वभाव दिसतो. अनेक नाट्यगृहांच्या मालकांनी आपली जागा देऊ केली. निवड झाली ताबारीसची. कोरिएन्तेसवरचे हे नाट्यगृह पिसांचे मुकुट घातलेल्या नर्तकींच्या आणि विनोदवीरांच्या खेळांसाठी ओळखले जात होते, आणि ते पिकादेरोहून मोठे होते. त्याच महिन्यात संध्याकाळच्या वेळी हुकूमशाहीविरुद्धची नाटके तिथे पुन्हा सुरू झाली, आणि लोकांनी रांगा लावल्या. निव्वळ करमणुकीच्या दिव्यांखाली नागरिक एकत्र आले, हे मला त्या साऱ्या हकिकतीतले सर्वांत मोठे वाटते. पिकादेरो कित्येक वर्षांनी, 2012 साली, पुन्हा उघडले.

या रात्रीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. 30 डिसेंबर 2004 रोजी ओन्से भागातल्या ‘रेपुब्लिका क्रोमान्योन’ नावाच्या सभागृहात रॉकचा कार्यक्रम चालू होता. परवानगीच्या दुपटीहून जास्त तरुण आत होते. प्रेक्षकांतल्या कोणी तरी शोभेची दारू पेटवली, छताखालच्या कृत्रिम धाग्याच्या जाळीने पेट घेतला आणि विषारी धूर उतरला. बाहेर पडायचे एक मोठे दार कुलूपबंद होते. 194 जण गेले. त्यांतले कित्येक एकदा सुखरूप बाहेर आले होते; मित्रांना काढायला ते परत आत शिरले. सभागृहाचा चालक, बँडचे सदस्य आणि अधिकारी दोषी ठरले, आणि 2006 मध्ये शहराच्या महापौराला पद गमवावे लागले. मुंबईत 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आगीत 14 जण दगावले, तेव्हा आपल्यालाही हेच प्रश्न पडले होते: बाहेरची वाट मोकळी होती का, आणि तपासणी कोणी केली होती?

ब्यूनस आयर्समध्ये त्या आगीनंतर तपासणीचा बडगा उगारला गेला, तो साऱ्यांवर. नाचाची सगळी ठिकाणे काही काळ बंद झाली. शंभर माणसे शांतपणे नाचतात त्या मिलोंगांनाही मोठ्या डिस्कोचेच नियम लागू झाले. वस्तीतल्या सांस्कृतिक केंद्रांसाठी परवान्याचा वेगळा वर्गच नव्हता, म्हणून कायद्याने चालणे त्यांना शक्यच नव्हते. तेव्हा ही केंद्रे चालवणारी तरुण मंडळी एकत्र आली आणि त्यांनी सह्या गोळा केल्या. ‘आम्हाला सोडा’ अशी त्यांची मागणी नव्हती. किती माणसे मावतील, दारे किती असावीत, आगीची सोय काय असावी, हे आमच्या आकाराला धरून लिहा, आम्ही ते पाळू, असे ते सांगत होते. 2014 च्या अखेरीस शहराच्या विधिमंडळाने सांस्कृतिक केंद्रांचा कायदा मंजूर केला, आणि नाच, नाटक, गाणे एकाच छताखाली चालवणाऱ्या छोट्या जागांना त्यात पहिल्यांदाच स्वतःचे नाव मिळाले.