उडीद, अणुबॉम्ब आणि कोसंबी

(देऊळगाव राजा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय ‘युद्ध, विज्ञान आणि राष्ट्र’ असा छापला आहे. त्यातली मला एकच गोष्ट सांगायची आहे. देशानं संशोधनाचा पैसा शस्त्रांवर किती घालावा आणि शेती, पाणी, वीज यांवर किती, हा वाद चारचौघांत व्हायला हवा. वाद घालणाऱ्याची देशभक्ती तपासत बसू नये, त्याचे आकडे तपासावेत.

हा वाद एका मराठी माणसानं मोठ्या हिमतीनं घातला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद, तुम्हांला माहीत आहेत, आणि दामोदर कोसंबींनी लिहिलेला इतिहासही इथल्या अनेकांनी वाचला आहे. ते सगळं बाजूला ठेवतो. हा माणूस मुळात गणिती, फर्ग्युसनमध्ये शिकवायचा. होमी भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि त्यांनीच कोसंबींना बोलावून घेतलं. घर पुण्यात, काम मुंबईत, येणं-जाणं डेक्कन क्वीननं.

पुढं दोघांचं बिनसलं. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उतरले आणि जाहीरपणे सांगू लागले की आपल्यासारख्या देशानं अणुभट्ट्यांपेक्षा उन्हावर संशोधन करावं. १९६० साली पुण्यातल्या रोटरी क्लबापुढे त्यांनी अणुऊर्जेच्या खर्चाचा प्रश्न उघड मांडला. अणुभट्टीला अफाट भांडवल लागतं. ऊन गावोगाव पडतं, ते आयात करावं लागत नाही. मे महिन्यात बुलडाणा जिल्ह्यात हे पटवून द्यायला नको. (हशा) आज सौरपंप शेताशेतांत दिसतात, पण ही गोष्ट त्या माणसानं तेव्हा सांगितली.

१९६२ साली संस्थेनं त्यांचा करार वाढवला नाही. अणुऊर्जेवरची टीका हेच एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही. गणितातलं रीमानचं गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांनी १९५९ साली केलेला दावा गणितज्ञांना मान्य झाला नव्हता, तेही त्यांना भोवलं. मात्र अणुधोरणाला उघड विरोध करणारा माणूस संस्थेबाहेर गेला, एवढं खरं.

मग १६ ऑक्टोबर १९६४ ला चीननं बॉम्ब फोडला. आठच दिवसांनी भाभा आकाशवाणीवर बोलले. दहा किलोटनाच्या स्फोटाला साडेसतरा लाख रुपये, वीस लाख टनांच्या स्फोटाला तीस लाख, असे अमेरिकी माहितीच्या आधारे आकडे त्यांनी दिले. ‘बॉम्ब हवा’ म्हणणाऱ्यांना आयतंच बळ मिळालं. इतका स्वस्त असेल तर करा की! पण अणुभट्टी, प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना, बॉम्ब वाहून नेणारं विमान, यांचा खर्च त्यात कुठं होता? हे सरकारला खडसावून विचारायला कोसंबींसारखी माणसं हवी असतात. १९६६ च्या जानेवारीत भाभा माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले, जूनमध्ये कोसंबी गेले. वाद तसाच राहिला.

भाभांना खलनायक ठरवायला मी आलेलो नाही. टीएयू-१ उडीद कितीजणांनी पेरला आहे? हात वर करा. (सभागृहातून: “आमच्याकडं तोच होता!”) बघा, मागच्या रांगांतून जास्त हात आले. ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे, भाभांनीच उभारलेलं अणुसंशोधन केंद्र; ‘ए’ म्हणजे अकोला. किरणोत्सर्ग वापरून मिळवलेला उत्परिवर्तित उडीद ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी टी-९ या वाणाशी संकरित केला. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ बरोबर होतं. १९८५ साली वाण बाहेर आलं आणि पुढं कितीतरी वर्षं महाराष्ट्रातल्या उडदाच्या रानावर त्याचंच राज्य होतं. टॅग-२४ भुईमूगही याच दोघांचा. बीजोत्पादन करणाऱ्या तालुक्याला वाण म्हणजे काय हे मी शिकवू नये, पण एक सांगतो. हे संशोधन लोकांपुढं आलं. शेतकऱ्यानं पेरलं, तोलून पाहिलं, मग ठेवलं. अणुखात्याच्या बाकीच्या कामाला अशी परीक्षा द्यावी लागली नाही. १९४८ साली अणुऊर्जा विधेयक आलं, तेव्हाच एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी संविधान सभेत विचारलं होतं की ब्रिटनमध्ये गुप्तता फक्त संरक्षणापुरती आहे, आपल्याकडे सरसकट कशासाठी? शांततेचं काम आणि संरक्षणाचं काम वेगळं कसं काढायचं हे आपल्याला ठाऊक नाही, अशा अर्थाचं उत्तर नेहरूंनी दिलं.

(सभागृहातून: “मग जवानांनी काय लाठ्या घेऊन लढायचं?”)

रास्त प्रश्न आहे, दादा. पुलवामाच्या हल्ल्यात आपल्या जिल्ह्याचे दोन जवान गेले. त्या घरांपुढं उभं राहून शस्त्रं नकोत असं मी म्हणणार नाही, आज इथंही म्हटलेलं नाही. पण त्या जवानासाठीच विचारतो. तेजस या लढाऊ विमानासाठी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ साली मंजूर झाला. तेजस आज अमेरिकी इंजिनावर उडतं. दर दोन-तीन वर्षांनी कुणी उघडपणे ‘कुठवर आलं?’ असं विचारलं असतं, तर जवानाचं नुकसान झालं असतं का? उशीर झाकून ठेवला तर त्याची झळ सीमेवरच्यालाच बसते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. आकडे भराभर सांगतो. २०२०-२१ मध्ये आपण संशोधनावर देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च केला. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चात संरक्षण संशोधनाचा वाटा ३० टक्क्यांच्या वर, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा १२ टक्क्यांच्या आसपास. हे प्रमाण चूक की बरोबर, यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. माझं मत असं की आधी एकूण रक्कमच वाढवावी आणि वाढीतला मोठा हिस्सा कोरडवाहू शेतीला आणि वीज साठवण्याच्या तंत्राला द्यावा. तुम्ही म्हणाल, आधी इंजिन. म्हणा! पण आपल्या खासदारांना हे पत्रानं विचारा, सभेत विचारा, मत मागायला येतील तेव्हा विचारा.

सौरपंपांच्या बॅटऱ्यांवर बोलायचं राहिलं, त्याचे कागद माझ्या पिशवीत आहेत, नंतर दाखवतो. आता प्रश्न घ्या. अध्यक्षमहाराज, विनंती एवढीच की विरोधात बोलणाऱ्यांना आधी माईक द्या. मघाचे दादा तिसऱ्या रांगेत बसले आहेत.